दुसरा जबाब

हंबीरराव गुऱ्हाळात शिरले तेव्हा काहिलीतला रस फुगून काठाला आला होता. शांतवननं मान वर केली नाही. पाक गोळीवर आला की गुळव्यानं काहिलीवरची नजर काढायची नसते. एवढ्या-तेवढ्यानं गूळ करपतो, नाहीतर चिकट राहतो.

"शंकर, जरा भाईर ये," ते शांतवनला म्हणाले.

"पाच मिन्टं थांबा मालक. काईल उतराय आलीया."

हंबीररावांना थांबायची सवय नव्हती. पण गूळ त्यांचाच होता. चिपाडाच्या ढिगाजवळ ते तोंडावरची वाफ पुसत उभे राहिले. शांतवननं गार पाण्यात बोटं बुडवली, तशीच उकळत्या पाकात घातली, चिमूटभर पाक उचलून परत पाण्यात सोडला. त्याची गोळी झाली. ती त्यानं पितळीच्या काठावर आपटली. टण् वाजली.

"घ्या!"

चौघांनी दांडे धरून काहील ओढली आणि पाक वाफ्यात पसरला. शांतवन बोटं झटकत बाहेर आला. बत्तीस वर्षांत त्याच्या बोटांच्या शेंड्यांवरच्या रेषा पार जळून गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा उमटत नसे.

"तक्रार पडलीया तुझ्यावर," हंबीरराव म्हणाले. "इजयसिंगाच्या पॅनेलनं टाकलीया. सरपंच राखीव जागेवर निवडून आला, पर माणूस ख्रिस्ती हाय, जागा बाद करा म्हणून."

"हाय की मी ख्रिस्ती."

"ते मला ठावं हाय. सगळ्या वाडीला ठावं हाय. कागदाला ठावं न्हाई, ते तसंच ऱ्हाऊ दे." हंबीररावांनी आवाज खाली आणला. "बुधवारी चौकशीचा सायेब येतोय. घरला येणार. एकच वाक्य बोलायचं. मी हिंदू महार. म्होरं गप."

आत जळव्यानं चुलाणात चिपाड सारलं आणि धूर दारातून बाहेर आला.

"लेका, तुझ्या एकट्याचं असतं तर मी म्हटलं नसतं. पोरीचा इचार कर."

एवढं बोलून ते गाडीत बसले.

कोडोलीपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत शांतवनला सगळे शंकरच म्हणत. त्याच्या बापानं, दौलू समुद्रेनं, तरणेपणी कोडोलीच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पोरगा झाला तेव्हा चर्चच्या वहीत नाव लागलं शांतवन. शाळेत घालायला नेला तेव्हा मास्तर म्हणाले, ख्रिस्ती लिहिलं तर याला सवलत मिळायची न्हाई दौलू. त्यांनी स्वतःच लिहिलं, शंकर, हिंदू महार. दौलूला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी चांगल्या मनानं केलं होतं. तेव्हापासून एकाच माणसाची दोन नावं चालू होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मागच्या वर्षी सरपंचपद राखीव पडलं. हंबीररावांना आपला माणूस पाहिजे होता. शांतवन दारू पीत नव्हता, कुणाच्या अध्यात नव्हता, आणि त्यांच्याच गुऱ्हाळावर होता. अर्ज त्यांनीच भरला. शांतवननं सही केली ती एका गोष्टीसाठी. ओढ्यापलीकडच्या वस्तीत नळ नव्हता. त्याची बायको मार्था आणि वस्तीतल्या बाया लोकांच्या विहिरींवर, पाण्याच्या मोटारीपाशी घागरी घेऊन उभ्या राहत. मोटार कधी चालू व्हायची आणि कुणाला पाणी द्यायचं, ते मालकाच्या मर्जीवर. सरपंच झाल्यावर त्यानं पहिल्याच बैठकीत वस्तीच्या टाकीचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. पाइपा येऊन पडल्या होत्या.

त्या सांजेला त्यानं घरात सगळं सांगितलं. मार्था भाकरी थापत होती. लेक करुणा उंबऱ्यात बसली होती. नर्सिंगला तिचा नंबर राखीव जागेवर लागला होता आणि पहिले चार महिने झालेही होते. जातपडताळणीचा कागद महिनाअखेर आणला नाही तर प्रवेश रद्द, असं कॉलेजनं सांगितल्यावर ती घरी आली होती. तिचा अर्जही बापाच्याच दाखल्यावर, सरपंचपदाची तक्रार गेली होती त्याच पडताळणी समितीपुढं पडून होता.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" करुणानं विचारलं.

"काय न्हाई म्हटलं."

"पप्पा, एक वाक्य आहे."

"व्हय. एकच हाय."

"आजा ख्रिस्ती झाला म्हणून जात गेली, असं सरकार म्हणतंय. गावानं कधी म्हटलंय? आम्हाला देवळाच्या पायरीवर कुणी बसू दिलं? आईला कुणी मोटारीवर पहिला नंबर दिला?" तिचा आवाज चढला. "जात ठेवून घेतली आणि सवलत तेवढी काढून घेतली. मग खोटं कोण बोलतंय?"

पोरगी खरं बोलत होती. मार्थानं तव्यावरची भाकरी उलटली आणि चटका बसलेलं बोट तोंडात घातलं.

रविवारी तो सायकलवरून कोडोलीला चर्चला गेला. पाळक भास्करराव साठीला आलेले, बारीक आवाजाचे. त्या दिवशी ते देवाच्या राज्यावर बोलत होते.

"राज्य म्हटलं की आपल्याला हद्द आठवती," ते म्हणाले. "हिकडं पन्हाळा, तिकडं शाहूवाडी. मधी दगूड. देवाच्या राज्याला दगूड न्हाई. राजाचा शब्द जिथवर चालतो, तिथवर त्याचं राज्य. तवा मेल्यावर आपण कुठं जाणार, ह्येच्या आधी ह्ये इचारा, आज माझ्या घरात कुणाचा शब्द चालतो? माझ्या हातावर? माझ्या जिभेवर? देशाचा कायदा पाळा, सरकारला मान द्या, ते बी त्यानंच सांगितलंय. पर जीभ एकाच राजाची असती."

शांतवन शेवटच्या बाकावर बसला होता. प्रार्थना संपून लोक पांगल्यावर तो पाळकांकडं गेला आणि सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, आता हे सांगतील, असं कर, आणि आपण तसं करू. भास्कररावांनी दाराकडं बघितलं. मग त्यांनी खिडकी ओढून घेतली.

"शांतवन, माझा थोरला पोरगा कुठल्या दाखल्यावर नोकरीला लागलाय, ठावं हाय तुला?"

शांतवन त्यांच्याकडं बघत राहिला.

"आज हितं बसल्याली निम्मी माणसं तुझ्यासारखीच हायती. तू खरं बोललास आणि उद्या त्यांनी चर्चची वही मागितली, तर किती घरं उघडी पडतील?" त्यांचे डोळे भरून आले होते. "मी तुला खोटं बोल म्हणू शकत न्हाई. खरं बोल बी म्हणू शकत न्हाई. वर उभं ऱ्हाऊन बोलणं सोपं असतंय बाबा."

सायकल हातात धरून तो चढ चालत वर आला. दोन्ही बाजूला उसाचे फड उभे होते, मध्ये एका बैलगाडीची वाट. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला उसात अंग घालून उभं राहावं लागलं. पानांनी गाल कापले.

मंगळवारी हंबीररावांचा पुतण्या सम्राट घरी आला. तो उपसरपंच होता. त्यानं चपला दारात काढल्या नाहीत. भिंतीवरचा लाकडी क्रूस आणि वचनांचं कॅलेंडर त्यानं बोटानं दाखवलं.

"वैनी, ह्ये दोन दिस आत ठेवा."

मार्था शांतवनकडं बघत राहिली. त्यानं मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. मग तिनंच पाट घेतला, वर चढली, क्रूस काढून पदरानं पुसला आणि ज्वारीच्या डब्यात ठेवला. भिंतीवर त्याच्या आकाराची पांढरी खूण राहिली. सम्राटनं आणलेली गणपतीची तसबीर त्या खुणेवर बसेना. ती थोडी खाली सरकवावी लागली.

"खूण झाकतीया का बघा," सम्राट म्हणाला आणि हसला. त्याला चहा द्यावा लागला.

बुधवारी साहेब आले. थकलेला, सभ्य माणूस. बसायला दिलेली खुर्ची त्यांनी मार्थाला देऊ केली आणि स्वतः बाजेवर बसले. हंबीरराव दारात उभे. साहेब विचारत गेले आणि लिहीत गेले. कुलदैवत कोणतं? लग्न कुठल्या पद्धतीनं लागलं? शांतवन अर्धवट उत्तरं देत होता. हंबीरराव ती पुरी करत होते.

"वडिलांचा अंत्यविधी कसा केला?"

"मातीत."

"म्हणजे दफन. कुठं?"

शांतवनच्या डोळ्यांपुढं कोडोलीचं दफनभूमीचं कुंपण आलं, दगडावर कोरलेलं बापाचं नाव आलं.

"त्येंच्या रूढीनं, गावच्या मसणवट्यात," हंबीरराव म्हणाले. "मी सोता खांदा दिलाय."

साहेबांनी लेखणी थांबवली. "सरपंच, तुम्ही सांगा. तुमचा धर्म कोणता?"

आत करुणा दाराआड उभी होती. तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. ते हलत नव्हतं.

"हिंदू," शांतवन म्हणाला. "हिंदू महार."

साहेबांनी जबाब वाचून दाखवला. त्यानं सही केली. शंकर दौलू समुद्रे. साहेब उठताना म्हणाले, "तीन आठवड्यांनी कोल्हापुरात सुनावणी आहे. तुमची आणि मुलीची एकत्रच ठेवू. जबाब आणि कागद जुळले की अडचण नाही."

करुणानं दुपारी पुस्तकं बाहेर काढली, वर्तमानपत्राची कव्हरं घातली. जेवताना तिनं बापाच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. तिला बरं वाटलेलं बघून त्यालाही थोडं बरं वाटलं. माणसानं लेकरासाठी एवढं केलं तर देव समजून घेईल, असं तो मनात म्हणत राहिला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या आठवणीनं एकाच थाळीतली भाकरी सगळ्यांनी खायचा विधी. भाकरीची थाळी बाकावरून हातोहात आली. त्यानं ती घेतली आणि तुकडा न उचलता तशीच पुढच्याला दिली. मार्थानं बायकांच्या बाजूनं ते बघितलं. पाळकांनीही बघितलं आणि नजर खाली घातली.

आठच दिवसांनी हंबीररावांनी त्याला ग्रामपंचायतीत बोलावलं. ग्रामसेवकानं त्याच्यापुढं कागद ठेवला. वस्तीची टाकी ओढ्यापलीकडं बांधण्यास जागा अयोग्य, म्हणून ती रस्त्याकडच्या माळावर बांधावी. माळावर हंबीररावांच्या मेव्हण्यानं प्लॉट पाडले होते. तिथं अजून एकही घर नव्हतं.

शांतवननं कागद दोनदा वाचला.

"मालक, ही टाकी वस्तीची हाय."

"वस्तीला म्होरच्या सालात देऊ की."

"बाया अजून मोटारीवर उभ्या ऱ्हात्यात. मी त्यास्नी शब्द दिलाय."

"शब्द?" हंबीरराव चिडले नाहीत. खुर्चीत मागं रेलले. "शंकर, तुझा शब्द सायबाच्या फायलीत हाय. खोटा हाय, ते मला ठावं, तुला ठावं. दौलूचा दगूड कोडोलीत कुठं हाय ते बी मला ठावं. उकरायचं म्हटलं तर कितीक येळ लागतोय?" मग मऊ आवाजात म्हणाले, "घाई न्हाई. सुनावणी हू दे. दाखला पक्का झाला की मग निवांत सही कर. अजून चार सालं आपल्याला बरोबर ऱ्हायाचं हाय."

ग्रामसेवक खाली बघून शिक्के पुसत होता. शांतवन उठला. सही न करता तो पायऱ्या उतरला. त्याला वाटलं होतं, एकदा खोटं बोललो की सुटलो. पोरगी शिकेल, वस्तीला पाणी येईल. आता कळत होतं की ते वाक्य संपलेलंच नव्हतं. दर ठरावाला ते पुन्हा बोलावं लागणार होतं, सही करून.

वाटेत विठाबाई भेटली. सत्तरीची म्हातारी, डोक्यावर घागर, मान ताठ.

"शंकर, पाइपा कवा पुरतासा बाबा?"

"बघतो काकी."

"बघ बघ. मी हाय तवर एकदा दारात पाणी बघू दे."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मार्था आणि करुणा उसातलं तण काढायला, भांगलणीला गेल्या होत्या. दुपारी शांतवन बांधावर गेला. करुणाच्या हातात खुरपं होतं, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. उसाची कोवळी पानं तिच्या कोपरांवर लाल रेघा ओढून गेली होती.

"करुणा, मी उद्या खरं सांगणार हाय."

तिनं ओढणी खाली केली. "काय?"

"त्यो जबाब खोटा हुता म्हणून सांगणार. तुला आधी सांगावं म्हणून आलोय."

"आणि माझं?"

त्यानं पायानं बांधावरचं ढेकूळ फोडलं.

"माझं काय, पप्पा? चार महिने मी पेशंटची बेडपॅनं धुतली. रडत नव्हते. मला ते काम आवडतं. सगळ्या वर्गात मी इंजेक्शन पहिली शिकले." तिनं खुरपं मातीत टाकलं. "तुम्हाला तुमच्या देवापुढं स्वच्छ व्हायचंय. त्याची किंमत मी का द्यायची?"

"तू देऊ नगंस म्हणूनच खोटं बोललो. पर ते थांबंना झालंय, पोरी. आज टाकी, उद्या आणि काय तरी. माझ्या हातातनं ते समद्या वस्तीला लुटतील आणि सही माझी असंल."

"मग राजीनामा द्या! गप्प बसा. जबाब आहे तसा राहू द्या."

हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. तीन रात्री तो तेच घोळवत होता.

"राजीनामा दिला तरी त्यो जबाब त्येंच्या हातात ऱ्हातोय. उद्या तू नर्स झालीस की तुझ्या नोकरीवर बोट ठेवून मला बोलीवतील. आणि..." त्याला नीट सांगता येईना. "आणि मी थाळी फुडं ढकलली बघ रविवारी. मला गिळवंना. मी कुठला हाय तेच मला कळंना झालंय."

मार्था इतका वेळ पाठ करून भांगलत होती. ती तशीच म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी." मग पुढं सरकली. करुणा दुसऱ्या सरीत गेली आणि दिवस मावळेपर्यंत दोघांशी बोलली नाही.

सुनावणीला करुणा आली नव्हती. खोलीत तिघं अधिकारी होते. एक बाई मधल्या खुर्चीवर. चौकशीचे साहेबही बाजूला बसले होते. हंबीरराव बाहेरच्या बाकावर थांबले होते, सम्राट त्यांच्यासाठी चहा आणायला गेला होता.

बाईंनी फाइल उघडली. "शंकर दौलू समुद्रे. तुमचा जबाब आमच्यासमोर आहे. काही जास्त सांगायचं आहे?"

"तो जबाब खोटा हाय, म्याडम."

साहेबांनी मान वर केली.

"मी ख्रिस्ती हाय. माझा बाप ख्रिस्ती हुता. त्येची माती कोडोलीत, ख्रिस्ती लोकांत हाय. चर्चच्या वहीत माझं नाव शांतवन हाय. त्या दिवशी मी भ्यालो."

बाईंनी चष्मा काढला. "याचे परिणाम माहीत आहेत? पद जाईल. मुलीच्या अर्जावरही हेच लागू होईल. खोट्या जबाबाबद्दल कारवाई होऊ शकते."

"व्हय."

"दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून खोटं बोललात?"

बाहेरून हंबीररावांचं खोकणं ऐकू आलं. शांतवननं क्षणभर डोळे मिटले. नाव घ्यायचं तर घेता येत होतं. पण सही त्याची होती.

"बोललो मी. हंबीररावांनी सांगितलं व्हतं, ते बी खरं हाय. पर जीभ माझी."

"तुमच्या गावात आणखी अशी कुटुंबं आहेत?"

"माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं त्यास्नी इचारा."

बाईंनी चष्मा परत घातला. मग कारकुनाला म्हणाल्या, "लिहून घ्या." दुसरा जबाब झाला. शांतवननं तो सावकाश वाचला, आणि सही केली.

बाहेर आल्यावर हंबीररावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं. ते ओरडतील असं त्याला वाटलं. ते ओरडले नाहीत.

"उद्यापास्नं गुऱ्हाळावर यिऊ नगंस," ते म्हणाले, आणि सम्राटनं आणलेला चहा उभ्यानंच पिऊन निघून गेले. शांतवनला एस.टी.नं परत यावं लागलं.

निकाल यायला महिना लागला. पद गेलं. करुणाचा प्रवेश रद्द झाला. पोलिसांकडं कागद गेला म्हणतात, अजून कुणी बोलावलं नव्हतं, आणि रोज दारात मोटारसायकल वाजली की मार्थाचा हात थांबे. पाळकांनी येऊन प्रार्थना केली. जाताना त्यांनी शांतवनचा हात दोन्ही हातांत धरला. टाकी कुठं बांधायची यावर दोन पॅनेलांत भांडण जुंपलं आणि पाइपा वस्तीच्या तोंडाशी गवतात पडून राहिल्या. विठाबाई त्याला बघून तोंड फिरवत नव्हती, पण नळाचं विचारणं तिनं सोडून दिलं. शांतवनला मलकापूरच्या अंगाला एका गुऱ्हाळावर काम मिळालं, गुळव्याचं नाही, जळव्याचं. तो दिवसभर चुलाणाच्या तोंडाशी चिपाड सारायचा आणि काहिलीवर दुसऱ्याचा हात फिरताना बघायचा.

करुणा घरात राहत होती, पण बापाशी कामापुरतंच बोलत होती. पाणी ठेवलंय. जेवण झालंय. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात वॉर्डात मदतीला बाई पाहिजे होती, राहायची सोय होती. तिनं ते स्वतःच ठरवलं.

जायच्या दिवशी शांतवननं रजा काढली आणि तिची पेटी सायकलच्या कॅरेजला बांधून कोडोलीच्या स्टँडवर आणली. ती मागून चालत आली. गाडी लागली होती. त्यानं पेटी आत चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरून तिच्या खिडकीपाशी उभा राहिला.

"तुमचं खरं तुम्हाला मिळालं," करुणा त्याच्याकडं न बघता म्हणाली. "माझं मी बघते."

तिच्या शेजारी एक पोक्त बाई येऊन बसली, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. तिनं करुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पेटी बघितली, खिडकीबाहेरचा बाप बघितला.

"कुठं चाललीस ग?"

"कोल्हापूरला. कामाला."

"बरं, बरं. कुणाच्यातली तू?"

शांतवनचा हात खिडकीच्या गजावर होता. तो काढून घ्यावा असं त्याला वाटलं. कुणी अशी जात विचारली की करुणा लहानपणापासून आडनाव सांगायची आणि विषय बदलायची. आडनावावरनं कुणाला काहीच कळत नसे.

कंडक्टरनं घंटी दिली.

"ख्रिस्ती हाय मी," करुणा म्हणाली.

ती हे बाईकडं बघून बोलली, बापाकडं नाही. तिच्या आवाजात ताठा नव्हता, लाजही नव्हती. बाईनं पिशवी जरा स्वतःकडं ओढून घेतली. गाडी हलली, आणि तिच्या मागं धुळीत शांतवन चार पावलं चालला, मग उभा राहिला.